पत्रोत्तरं : गाव बघायचं ते भरतीला

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की नोकरीतली अकरा वर्षं मी रायगड जिल्ह्यात खारबंदिस्तीच्या, म्हणजे समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घालायच्या बांधांच्या, कामांवर काढली. त्यावर एवढी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं. आपल्या सोलापुरातून चादरी-टॉवेलचे गठ्ठे कोकणात जातात, लेकी तिकडं दिल्या जातात, पोरं नोकरीला जातात. रत्नागिरी-नागपूर महामार्ग तर आपल्या शहरावरूनच गेलाय. पाच पत्रं निवडली आहेत. थोडी आटोपशीर केली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, आमची थोरली लेक श्रीवर्धन तालुक्यात दिली आहे. २०२० च्या वादळात त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली, घरावरचे पत्रे गेले. अजून अर्धी वाडी रिकामी आहे. आता जावई घर पक्कं बांधतो म्हणतात आणि वाडीत परत सुपारीच लावतो म्हणतात. आम्ही कोरडवाहू माणसं, ज्वारीपलीकडं आम्हाला कळत नाही. घर कसं बांधावं? का त्यांना इकडंच बोलवून घ्यावं? — मंगळवेढा तालुक्यातून एक वडील

भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. बोलवून घेऊ नका. तुमच्याकडं दुष्काळ पडला तेव्हा तुम्ही रान सोडून गेलात का? ते घर, ती वाडी आता तुमच्या लेकीची आहे. तिला परत या म्हणण्यापेक्षा घर नीट बांधायला चार पैशांचा हातभार लावा. तो जास्त उपयोगी पडेल.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच जमिनीवर आलं. पत्रा कसा उडतो ते जावयांना समजावून सांगा, म्हणजे बाकीचं त्यांना आपोआप कळेल. वारा छपरावरून वेगानं जाताना पत्रा वर ओढला जातो, आणि पडवीत शिरलेला वारा त्याच पत्र्याला खालून रेटतो. म्हणून पडवीचं छप्पर मुख्य घराच्या छपराला जोडायचं नाही, वेगळं ठेवायचं. गेलीच तर पडवी जाईल, घर उघडं पडणार नाही. छप्पर दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं, करण्यापेक्षा चौपाखी, चारी बाजूंनी उताराचं, करावं, वाऱ्यापुढं ते जास्त टिकतं. पागोळ्या फार बाहेर काढू नयेत. भिंतीच्या माथ्यावरून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, त्यातून सळया वर काढायच्या आणि वासे त्या सळयांना बांधायचे. नुसते खिळे ठोकून भागत नाही. एक तरी खोली स्लॅबची हवी, भले ती लहान असो. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसायची जागा ती.

वाडीचं म्हणाल तर सुपारी लावू द्या, पण एकटी नको. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात आणि झाड उंच, सडसडीत. एकाच वाऱ्यात ओळीच्या ओळी झोपतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. खालच्या थरात कोकम, जायफळ, मिरी असू द्या. केळी लवकर पैसा देते. वाऱ्यात पडली तरी वर्षभरात परत उभी राहते. समुद्राच्या अंगाला उंडी आणि केवडा राखावा.

आता जे सांगते ते कागदाचं आहे, आणि ते मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण वादळानंतर माणसं वाऱ्यापेक्षा कागदानं जास्त रडलेली मी पाहिली आहेत. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि सरकारी मदत हेक्टरात मोजली जाते. दहा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी रकमेचा दहावा हिस्सा. त्यात सातबाऱ्यावर आजोबांपासूनची नावं सामाईक असतात. निम्मे नाववाले मुंबईत, दोघं वारलेले. पंचनामा होतो, पैसे मंजूर होतात आणि संमती कुणाची घ्यायची यावर अडकून बसतात. तेव्हा जावयांना सांगा, घराच्या आधी वारसनोंदी लावून घ्या. भावकीची संमतिपत्रं आत्ताच, सगळे गणपतीला गावी येतात तेव्हा, लिहून घ्या. आणि दरवर्षी मे महिन्यात वाडीतली झाडं मोजून, तारखेसकट फोटो काढून ठेवा. पडलेलं झाड मोजता येतं, पण वादळाआधी किती उभी होती हे कुणी मानत नाही.

मॅडम, मी बार्शीचा. रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून लागलोय. गाव खाडीच्या तोंडाशी आहे. गावाचा आपत्ती आराखडा करून द्यायला सांगितलंय. छापील नमुना आहे, आधीच्यांनी भरलेली प्रतही आहे. तीच तारीख बदलून द्यावी का? खरं सांगतो, वेगळं काय लिहायचं हेच कळत नाही. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर हजर होताना. — बार्शीचा, सध्या कोकणात

तारीख बदलून देऊ नका. तुम्ही खरं विचारलंत, तेव्हा मीही माझी चूक आधी सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात मी बैठक लावली, सकाळी अकराला, शाळेत. जमीनवाले पुरुष आले. बांध कुठं खचलाय, दगड कुठं टाकायचा, सगळं ठरलं. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर एक कोळीण भेटली, रिकामी पाटी शेजारी ठेवून बसलेली. ती म्हणाली, "बाय, पानी बांधावरून नाय येत, आमच्या घरांमागच्या नळीतून येतं." तिनं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, अगदी तसंच होतं. गावात पाणी आधी कुठून शिरतं हे ज्यांना ठाऊक होतं त्या बायका माझ्या बैठकीच्या वेळी बाजारात मासळी विकत होत्या. तेव्हापासून मी एक नेम केला. बैठक माझ्या घड्याळावर लावायची नाही, त्यांच्या वेळेवर लावायची. आणि शाळेत बसून नाही, पाण्याच्या कडेला उभं राहून.

त्यासाठी तुम्हाला भरतीची वेळ कळायला हवी. तिकडची म्हातारी माणसं कोष्टक बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. दिवसातून दोनदा, असं रोज पाऊण तासानं पुढं सरकत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात वर चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास कमी चढतं, त्याला भांग. तुम्ही पावसाळ्यातलं एखादं उधाण धरा, बाराच्या सुमाराला गावातल्या दोन म्हाताऱ्या, एक तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि शाळेतली चार पोरं घेऊन गावाला फेरी मारा. पाणी जिथं जिथं टेकेल तिथं चुन्यानं खूण करा. मग विचारा, "निसर्गच्या दिवशी कुठवर होतं? फयानला कुठवर होतं?" फयान २००९ च्या नोव्हेंबरात आलं, ते अजून तिथल्या लोकांच्या बोलण्यात आहे. त्या खुणा हाच तुमचा नकाशा. छापील नमुन्यात तो आधीपासून नसतो.

तुमच्या गावाला खारबंदिस्ती असेल तर उघाडीकडं नीट बघा. उघाडी म्हणजे बांधातली मोरी, तिच्या तोंडाशी वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप चौकटीला घट्ट बसते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना माणूस. पण फळीची एक कड कुजली, किंवा ओंडका येऊन झडपेत अडकला, की दिवसातून दोनदा समुद्र शेतात. मी कितीदा चिखलात गुडघाभर उतरून त्या फळीवरून हात फिरवलाय. कुजलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते, ओल्या पावासारखी. बांधात खेकड्यांनी बिळं केली असतील तर तीही आत्ताच बुजवून घ्या. बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणतात. आज हातभर असलेली खांड दोन उधाणांत बैलगाडी जाईल एवढी होते. खारं पाणी एकदा भातात बसलं की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. आपल्याकडं कालव्याखाली चोपण, म्हणजे क्षार साचून नापीक, झालेली जमीन तुम्ही पाहिली असेल, तसलंच दुखणं. आणि खांड तशीच राहिली तर शेतात कांदळ, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातलं झाड, उगवतं. ते वाढलं की कायद्यानं तोडता येत नाही. शेतकरी आणि कांदळवन यांचं भांडण तिथून सुरू होतं, आणि दोघांचीही बाजू खरी असते. म्हणून उघाडीची फळी वर्षाला कुणी बघायची, खर्च कुठून करायचा, हे आराखड्यात नावानिशी लिहा.

आता माणसं. मतदारयादीवरून यादी करू नका. बोटींवरचे खलाशी बहुतेक बाहेरचे असतात, नेपाळचे, कर्नाटकातले. ते बोटीवरच झोपतात, त्यांचं नाव गावात कुठंच नसतं. वादळात आधी धोका त्यांनाच. त्यांची यादी बोटमालकांकडून घ्या. दुसरी यादी अशांची, ज्यांना उचलून न्यावं लागेल. प्रत्येकापुढं उचलणाऱ्या दोघांची नावं लिहा, आणि ते दोघं मुंबईला कामाला असणारे नकोत.

निवाऱ्याची जागा म्हणून शाळा लिहिलेली असते. निसर्गमध्ये कितीतरी शाळांचीच छपरं उडाली. शाळा स्लॅबची आहे का, पाण्याच्या खुणेच्या वर आहे का, बायकांसाठी संडास आहे का, हे पाहूनच लिहा. गुरं कुठं नेणार तेही लिहा. गुरं मागं ठेवून माणसं घर सोडत नाहीत, आपल्याकडं पुरात हेच बघतो की आपण.

सूचना मोबाईलवर येईल, असं समजून आराखडा करू नका. निसर्गनंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, टॉवर बंद होते. देवळाची घंटा, मशिदीचा भोंगा, बंदरावरचा बावटा आणि पायी फिरणारी दोन पोरं, यांच्यावर भरवसा ठेवा. एक यांत्रिक करवत आणि ती चालवणारा माणूस गावात हवा. रस्ते पाण्यापेक्षा पडलेल्या झाडांनी जास्त बंद झाले होते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर डिझेलचा पंप कुणाकडं आहे हे लिहून ठेवा.

हे सगळं करून काय होतं, असं तुमच्या मनात आलं तर ओडिशाकडं बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलीन आलं, तेही तेवढंच भयंकर समजलं जात होतं. त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं आणि मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी निवारे बांधले, गावोगाव माणसं तयार केली, दरवर्षी रंगीत तालीम केली.

छापील नमुना भराच, तो लागतोच. पण तुमचा नकाशा आणि याद्या ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा, आणि कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, ठरावाची एक प्रत तिकडं पोच घेऊन द्या. विकास आराखड्यात न गेलेल्या कामाला पैसा मिळत नाही. नुसती आपत्तीची फाईल कपाटात राहते.

मी सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाराष्ट्राची किनारपट्टी जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरची. सगळीकडं दगडी भिंत घातली तर प्रश्न सुटणार नाही का? — एक विद्यार्थी

नाही सुटणार. भिंतीवर आपटलेली लाट जिरत नाही, ती मागं फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. किनाऱ्याची वाळू एका जागी राहत नसते, कडेकडेनं सरकत असते. तुम्ही एका गावापुढं तिला अडवलंत की पुढच्या गावाचा किनारा उपाशी पडतो आणि तिथं धूप सुरू होते. मग ते गाव भिंत मागतं. मालवणजवळ देवबाग आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्यावर गाव. तिथले लोक बंधारा मागतात तेव्हा त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घर वाहून जात असेल तर दगड टाकावाच लागतो. पण दगड टाकला म्हणजे काम झालं, असं मानू नका.

तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असं सांगते. खाडीच्या चिखलात कांदळ, तिवर, चिप्पी ही झाडं लाटेचा जोर मोडतात. राज्यात २०१२ पासून त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष आहे. पण उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर ही झाडं जगत नाहीत. फोटोसाठी लावली जातात आणि मरतात. तिथं मर्यादवेल लागते. जांभळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी ही वेल वाळू धरून ठेवते, तिच्यामागं वाळूची टेकडी तयार होते आणि उधाणाचा पहिला मार ती टेकडी खाते. आपल्याकडची माणसं फिरायला जातात, गाड्या थेट वाळूवर घालतात, त्या वेलीवरून. सुट्टीत गेलात तर तेवढं करू नका, आणि वेल कशी पसरते ते गुडघ्यावर बसून बघा. गाठीगाठीला तिला मुळं फुटलेली दिसतील.

आणि वाळू येते कुठून तेही शोधा. ती नद्यांनी आणलेली असते. वर धरणात गाळ अडला, खाली खाडीत ड्रेझरनं वाळू उपसली, आणि किनारा का खचतो म्हणून विचारलं, तर उत्तर भिंतीत कसं सापडेल?

निवृत्तीच्या पैशातून समुद्राला लागून पाच गुंठे घ्यायचा विचार आहे, पुढं होमस्टे काढू. दलाल म्हणतो सगळं क्लिअर आहे. — अक्कलकोटचे निवृत्त शिक्षक

गुरुजी, इसार देऊ नका. आधी त्या गटाचा किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा बघा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथं वस्ती चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट आहे, तिथंच ही मर्यादा ५० मीटर आहे, आणि तीही त्या भागाचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झालेला असेल तर. दलालाला नकाशावर तुमचा गट दाखवायला सांगा. त्यानं दाखवला तरी पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी, स्वतः जाऊन त्या जागेवर उभे राहा. स्थानिक माणसानं ती जागा आजवर रिकामी का ठेवली हेही शेजाऱ्याला विचारा.

ताई, मी आठवीत आहे. आमच्या बाईंनी सांगितलं की समुद्राचं पाणी वाढतंय. ते सोलापूरला येईल का? — सोलापूरची एक मुलगी

बाळा, समुद्र चालत सोलापूरला येणार नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली. तुझ्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरची असते, तिच्याहून थोडी जास्त. ऐकायला कमी वाटतं. पण वाढ कायमची असते आणि उधाण तिच्यावर चढतं. आणि आता ती वाढ वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या पुढं गेली आहे.

पण तुझ्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे. २०२० च्या ऑक्टोबरात तू लहान होतीस. १३ तारखेला बंगालच्या उपसागरातून एक वादळी पट्टा आंध्रातल्या काकीनाड्याजवळ जमिनीवर आला. त्या रात्री त्यानं हैदराबाद बुडवलं, आणि १४ तारखेला तो आपल्यावर होता. माझ्या माहेरच्या गल्लीत मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं, सूत भिजलं. त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण गेले. दोन दिवसांत भीमेला पूर. मग तो पट्टा तसाच पुढं अरबी समुद्रात निघून गेला. समुद्र तापला की त्यावरच्या हवेत बाष्प जास्त मावतं, आणि ते कुठंतरी पडतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर तर तुला आठवत असेलच.

वर मी एका दादाला पाण्याच्या खुणा शोधायला सांगितलंय. तू पंढरपूरला किंवा सीनेकाठच्या मामाच्या गावाला जाशील तेव्हा तेच कर. आजीला विचार, पाणी कुठवर आलं होतं. देवळाची पायरी, पाराचा दगड, कुणाच्या तरी भिंतीवरची ओल. तिथं उभी राहा, पाणी तुझ्या गुडघ्याला असतं की खांद्याला ते बघ, आणि खुणेची उंची टेपनं मोज. आजीला साल आठवलं नाही तर तेव्हा घरात कोण जन्मलं होतं ते विचार, त्यावरून साल निघतं. मला लिहून पाठव, मी या पानावर छापीन.